लसीतली तुरटी

गेल्या रविवारी फोंड्याला ताईकडे गेले तर घरात वाद चाललेला. भाचीच्या बाळाला अडीच महिन्यांची पेंटा लस टोचून आणलेली, रात्रभर ताप, मांडीला सुपारीएवढी गाठ, बाळ सारखं किरकिरतंय. ताई म्हणते, "अगं एकाच सुईत पाच-पाच रोग घालतात, एवढ्याशा जिवाला झेपणार कसं? वेगवेगळं द्यायला काय होतं यांना?" हेच इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

पहिली गोष्ट, सुईत रोग नसतो. पेंटा म्हणजे आपली जुनी त्रिगुणी, घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, त्यात कावीळ ब आणि हिब (लहान मुलांना न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जिवाणू) या दोन लसी जोडलेल्या. घटसर्प आणि धनुर्वातात माणूस जातो तो मुख्यतः जंतूंनी सोडलेल्या विषाने. धनुर्वाताचं विष तर इतकं जहाल की जीव घ्यायला पुरतं तेवढंसुद्धा शरीराला ओळख पटवायला कमी पडतं, म्हणून त्यातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों या शास्त्रज्ञांनी घटसर्पाच्या विषात फॉर्मेलिन घालून (शाळेच्या लॅबमध्ये बरणीतला बेडूक असतो ना, तेच) काही आठवडे उबेत ठेवलं. विषारीपणा गेला पण ओळख पटण्यापुरता आकार तसाच राहिला. याला टॉक्सॉइड म्हणतात.

पण खरी गंमत पुढे आहे आणि ती मला फार आवडते. नुसतं शुद्ध टॉक्सॉइड टोचलं तर शरीर त्याची फारशी दखलच घेत नाही! तेव्हा प्रतिविष, म्हणजे विषाला निकामी करणारी द्रव्यं, मिळवायला घोड्यांना टोचत. रामों यांना दिसलं की ज्या घोड्यांना टोचलेल्या जागी गळू होतं त्यांच्याच रक्तात प्रतिविष जास्त तयार होतं. मग त्यांनी मुद्दाम ब्रेडचा चुरा, टॅपिओका असलं काहीबाही मिसळून पाहिलं. टॅपिओका म्हणजे आपला उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याचंच पीठ. आणि १९२६मध्ये इंग्लंडमध्ये ग्लेनी या शास्त्रज्ञांनी वापरली तुरटी. आजही त्रिगुणीत ॲल्युमिनियमचे क्षार असतात ते तिथूनच आले.

ते करतात काय? टॉक्सॉइडचे रेणू या बारीक कणांना चिकटून बसतात. आधी वाटायचं की तिथे साठा होतो आणि लस हळूहळू झिरपते, पण उंदरांमध्ये टोचलेली जागाच दोन तासांनी कापून काढली तरी प्रतिकारशक्ती तेवढीच आली. म्हणजे साठ्यापेक्षा त्या कणांनी केलेली डिवचाडिवच महत्त्वाची असावी. कणांमुळे आसपासच्या पेशी दुखावतात, त्यातून युरिक ॲसिडसारखे धोक्याचे इशारे सुटतात, पहारेकरी पेशींच्या आतलं इन्फ्लमेझोम नावाचं यंत्र जागं होऊन इंटरल्यूकिन-१ नावाचा दाहाचा निरोप सोडतं, डेंड्रिटिक (नमुने गोळा करणाऱ्या) पेशी टॉक्सॉइड उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे टी पेशींना दाखवतात, त्या टी पेशी मग प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना कामाला लावतात. मांडीवरची ती गाठ बहुतेक याच धावपळीची असते.

आता ताईच्या प्रश्नाचं उत्तर. त्रिगुणीतला डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे मारलेले अख्खे जिवाणू, आणि तेसुद्धा तुरटीसारखंच डिवचतात, त्यामुळे शेजारच्या दोन टॉक्सॉइडांनाही जास्त चांगला प्रतिसाद मिळतो. म्हणजे हे तिघं एकमेकांवर ओझं होत नाहीत, उलट हातभार लावतात. वेगवेगळं दिलं तर सुया वाढतील, फेऱ्या वाढतील. खाजगीत मिळते ती 'पेनलेस' लस अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचे निवडक तुकडे घेऊन करतात, ताप कमी येतो हे खरं, पण डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षणही लवकर ओसरतं.

त्या रात्री घरात तुरटी जाळून बाळाची दृष्टही काढली होती म्हणे, आणि निखाऱ्यावर फुललेल्या तुरटीत कुणाचा तरी चेहरा दिसला! तुरटी तापली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन निघतं आणि ती फुगते, कसलाही आकार दिसू शकतो. कृपा करून त्यावरून शेजारणीवर संशय घेऊ नका. ताप उतरत नसेल किंवा बाळ तासन्‌तास रडत असेल तर सरळ डॉक्टरांकडे न्या.

भाची विचारत होती, "मावशी, ती नर्स बाटली हलवून का बघते गं?" तेही तुरटीमुळेच. कण तळाशी बसतात, हलवलं की सगळीकडे सारखे मिसळतात. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची अजिबात नाही, गोठली की कणांचे गोळे होतात आणि परत वितळवून हलवली तरी ते भराभर तळाशी बसतात, अशी बाटली फेकूनच द्यावी लागते. आपल्याकडे पावसात लाईट गेली की सगळ्यांना लस गरम होण्याची काळजी, पण बर्फाला टेकून गोठलेली त्रिगुणीही तितकीच वाया जाते. भाचीला म्हटलं, चौदाव्या आठवड्याच्या डोसला मी येते तुझ्याबरोबर, बाटली जवळून बघू.