खोलगट छाती आणि फुप्फुसाची शस्त्रक्रिया: एका भुलीपर्यंतचा प्रवास

छातीच्या मधोमध असलेली उरोस्थी आत दबून खळगा पडतो, त्या व्यंगाला पेक्टस एक्स्कॅव्हेटम म्हणतात. अशाच रुग्णाच्या फुप्फुसात जन्मजात दोषही असेल, तर दोन्ही कामे एकाच भुलीत उरकावीत हे आज साहजिक वाटते. पूर्वी ते तसे नव्हते.

योगायोग असा की छातीचा खळगा आणि फुप्फुस या दोन्ही शस्त्रक्रियांच्या वाटांच्या आरंभी एकच नाव भेटते. छाती उघडताच फुप्फुस मिटते, या अडचणीवर शल्यचिकित्सक फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी 1904 मध्ये तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे कमी दाबाची खोली योजली. रुग्णाचे डोके बाहेर आणि धड शल्यचिकित्सकांसह आत. त्यांनीच 1913 मध्ये खोलगट छातीवरही शस्त्रक्रिया केली. पुढे मात्र वाटा फुटल्या. मार्क रॅव्हिच यांनी 1949 मध्ये मांडलेल्या पद्धतीत बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या वाकड्या कूर्चा (लवचिक, मऊ हाडे) काढून उरोस्थी वर उचलली जाई. हे काम समोरून, शक्यतो फुप्फुसावरण न उघडता होई, तर फुप्फुसाचा शल्यचिकित्सक कुशीतून, बरगड्यांमधून आत शिरे.

हे अंतर मिटवले ते डोनाल्ड नस यांनी. अमेरिकेतील नॉरफोक येथे 1987 पासून वापरलेली आपली पद्धत त्यांनी 1998 मध्ये 42 रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली. धातूची वाकवलेली पट्टी एका कुशीतून उरोस्थीखालून दुसऱ्या कुशीकडे न्यायची आणि मग उलटी फिरवायची, की खळगा वर येतो. कूर्चा कापावीच लागत नाही. हृदयाला इजा होण्याच्या भीतीने लवकरच यात दुर्बीण आली. दुर्बिणीतून फुप्फुसाचा खंड काढणे 1990 च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाले होते. आता दोन्ही शस्त्रक्रियांचा प्रवेशमार्ग एकच झाला.

तरीही दोन्ही कामे एकाच वेळी करावीत का, हा वाद उरला, आणि तो रास्त आहे. फुप्फुस कापताना श्वासनलिकेची शाखा उघडते, जंतू बाहेर येऊ शकतात, आणि पट्टी तर दोन-तीन वर्षे छातीत राहायची असते; तिला संसर्ग झाला तर ती वेळेआधी काढावी लागू शकते. उलट पट्टी पुढे ढकलली, तर पहिल्या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटून पुढचे काम अवघड होऊ शकते. याविषयीचे प्रसिद्ध अनुभव बहुतांशी एकेका रुग्णाचे किंवा लहान गटांचे असल्याने सरसकट नियम करणे घाईचे ठरेल. फुप्फुसात आधीच संसर्ग असेल, तर मात्र थांबणेच शहाणपणाचे.