श्रमदान नियोजन (पाणलोट कामांतील)

गावकऱ्यांच्या विनामोबदला श्रमावर चालणाऱ्या मृद व जलसंधारणाच्या कामात मुदत, माणसे, अवजारे आणि दर्जा यांचा मेळ घालण्याची पद्धत. पानी फाउंडेशन या संस्थेची वॉटर कप ही गावागावांतील जलसंधारणाची स्पर्धा २०१६ साली वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली (पहिले पारितोषिक कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाला मिळाले). त्यानंतर महाराष्ट्रातील शेकडो गावांनी अशी कामे अंगावर घेतली.

मुदत पाऊस ठरवतो. काम जूनच्या आत उरकायचे आणि हाताशी एप्रिल-मे. त्यातच लग्नसराई, खरिपाची मशागत आणि ऊन. त्यामुळे पहाटे उजाडल्यापासून दोन-तीन तासच खऱ्या कामाचे. मुदत हलत नाही, दर्जा हलवून चालत नाही. कमी-जास्त करता येते ते कामाचे आकारमान.

सलग समतल चर (उताराला आडवा, एकाच पातळीत खणलेला) ६० सेंमी रुंद व ३० सेंमी खोल घेतला, तर १०० मीटरला १८ घनमीटर खोदाई होते. मुरमाड जमिनीत सवय नसलेल्या माणसाकडून सकाळच्या दोन तासांत ०.३ घनमीटरच धरावे. म्हणजे १०० मीटरला ६० माणसांची एक सकाळ. ग्रामसभेत वर झालेले हात या हिशेबात घेऊ नयेत. हातांना फोड आले की गर्दी ओसरते. आराखडा आठवडाभरानंतरही येणाऱ्यांवर बेतावा.

माणसे कमी पडली की आखणीत घाई होते, आणि नुकसान तिथेच होते. हायड्रोमार्करच्या (नळीतल्या पाण्यावरून समपातळी शोधण्याच्या साधनाच्या) नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर समपातळी चुकते. मग पाणी चराच्या सखल टोकाला धावते, भराव फोडते आणि खाली घळ पाडते. असा चर नसलेला बरा. म्हणून आखणी दोघा-तिघा प्रशिक्षितांकडेच ठेवावी. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्यावे आणि वरची ओळ पूर्ण झाल्यावरच खालची धरावी. मुदत संपत आली तर खालच्या ओळी सोडता येतात. आधी नाल्यावरचा बांध हाती घेतला (तो दिसायला मोठा, म्हणून मोह होतोच), तर माथ्यावरची माती येऊन तो गाळाने भरतो.

वॉटर कपच्या काळात १ मेच्या महाश्रमदानाला (सामूहिक श्रमदानाच्या दिवशी) शहरातून माणसे येत, तेव्हा अडचण उलटी असे. चार-पाच जणांमागे एक टिकाव, एक फावडे आणि दोन घमेली नसतील तर निम्मे लोक उभेच राहतात. फक्कीने ओळी आदल्या संध्याकाळी मारून ठेवाव्यात, टिकावांचे दांडे तपासावेत, पाण्याचे पिंप चढावर नेऊन ठेवावे.

सगळ्यात अवघड प्रश्न अवजारांचा नसतो. अडलेले पाणी विहीर असलेल्याच्या शेतात जाते, घाम मात्र भूमिहीनानेही गाळलेला असतो. गायरानातील चारा, पिण्याचे पाणी किंवा रोजगार हमीची कामे यांत त्याचा वाटा काय, हे कुदळ मारण्याआधी ग्रामसभेत ठरवून ठरावात लिहावे. हे टाळलेल्या गावांत दुसऱ्या वर्षी माणसे जमवणे जड जाते.