फिल्मवर जे होते आणि जे नव्हते : ‘द डूम्सडे मशीन’ पुन्हा पाहताना

२० ऑक्टोबर १९६७ रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग प्रथम दाखवला गेला, तेव्हा न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरणारे अतिघन गाभे, खरोखरच अस्तित्वात असल्याचा सर्वमान्य पुरावा विज्ञानाच्या हाती आलेला नव्हता. केंब्रिजमध्ये जोसलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक न उलगडणारी खूण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिसली होती, परंतु पल्सारचा, म्हणजे नियमित स्पंदने पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, शोध जाहीर झाला तो फेब्रुवारी १९६८ मध्ये. असे असताना या भागात ‘एंटरप्राइज’ या अवकाशयानावरचा विज्ञान अधिकारी स्पॉक शांतपणे सांगतो की, समोरच्या राक्षसी यंत्राचे कवच घन न्यूट्रॉनियमचे, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यात असते तशा द्रव्याचे, आहे. मालिकेच्या चाहत्यांना हा भाग तेव्हापासून प्रिय आहे, आणि चाळीस वर्षांनी त्याची नव्याने घडवलेली आवृत्ती आली तेव्हा तो पुन्हा तपासून पाहावा असे अनेकांना वाटले. त्या तपासणीत चित्रपटाच्या फिल्मचे विज्ञान आणि ताऱ्यांचे विज्ञान अशा दोन्ही गोष्टी येतात.

कथानक थोडक्यात असे. नॉर्मन स्पिनरॅड यांनी लिहिलेल्या या भागात ग्रहांचे तुकडे करून तेच इंधन म्हणून गिळणारे, मैलोन् मैल लांबीचे एक प्राचीन यंत्र आकाशगंगेत भटकत आहे. ‘कॉन्स्टेलेशन’ या अवकाशयानाचा कप्तान मॅट डेकर याने आपल्या चारशे सहकाऱ्यांना सुरक्षिततेसाठी जवळच्या ग्रहावर उतरवले आणि नेमका तोच ग्रह यंत्राने फोडला. उद्ध्वस्त यानात एकटा उरलेला डेकर, त्याचा सूडाने पेटलेला अट्टहास आणि शेवटी तेच मोडके यान यंत्राच्या जबड्यात नेऊन उडवून देणारा ‘एंटरप्राइज’चा कप्तान कर्क, एवढाच या भागाचा पसारा आहे.

मालिकेच्या चाळिसाव्या वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीने मूळ मालिकेचे सर्व भाग हाय डेफिनिशनमध्ये आणण्याचे काम हाती घेतले. या कामाला एकच ‘रीमास्टर’ हा शब्द वापरला गेला, तरी प्रत्यक्षात त्यात स्वभावाने अगदी भिन्न अशी दोन कामे होती. पहिले काम मूळ ३५ मिलिमीटर निगेटिव्ह स्वच्छ करून नव्याने स्कॅन करण्याचे. दुसरे काम अवकाशयाने, ग्रह आणि स्फोट यांची जुनी दृश्ये काढून तेथे संगणकावर तयार केलेली नवी दृश्ये बसवण्याचे. या भागाबद्दल चाहत्यांची जी मते ऐकू येतात, त्यांतील बराचसा गोंधळ ही दोन कामे एकच समजल्यामुळे होतो, असे मला वाटते.

रंगीत निगेटिव्हवर चित्र कसे साठते हे समजून घेतले की फरक स्पष्ट होतो. फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्रकाश पडलेले कण धुलाईच्या वेळी चांदीत रूपांतरित होतात आणि त्यांच्याभोवती रंगद्रव्याचे बारीक ढग तयार होतात. नंतर चांदी धुऊन काढली जाते आणि रंगाचे ढग तेवढे उरतात. हे ढग इतके लहान असतात की, ३५ मिलिमीटरच्या एका चौकटीत त्या काळच्या दूरचित्रवाणीला दाखवता येण्याजोग्या तपशिलाच्या कितीतरी पट तपशील मावतो. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या चित्रात ५२५ रेषा असत आणि त्यांतील सुमारे ४८० प्रत्यक्ष दिसत. म्हणजे १९६७ मध्ये घरोघरी जे पाहिले गेले, ती निगेटिव्हवरच्या चित्राची पुसट सावली होती. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवर ही मालिका ज्यांनी पाहिली, त्यांच्याही वाट्याला सावलीच आली.

नव्या स्कॅनमुळे त्या चित्राचा मोठा हिस्सा प्रथमच प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. डेकरची भूमिका करणाऱ्या विल्यम विंडम यांच्या चेहऱ्यावरची खुरटी दाढी, घाम आणि नजरेतला हरवलेपणा आता इतका जवळून दिसतो की, भूमिकेबद्दलचे मतच बदलावे. हा अभिनय भडक आहे असे पूर्वी म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा पाहावा. लहान, अंधूक पडद्यावर फक्त मोठे हावभाव पोहोचत होते आणि बारीक हावभाव वाटेतच गळून जात होते. ते निगेटिव्हवर सुरुवातीपासून होते.

परंतु याच स्कॅनने जुन्या अवकाशदृश्यांची अडचण उघडी केली. अशी दृश्ये ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर जुळवली जात. निळ्या पडद्यापुढे यानाच्या प्रतिकृतीचे चित्रण करायचे, तारे वेगळे, ग्रह वेगळा, किरणांचा झोत आणखी वेगळा, आणि मग एका फिल्मवरचे चित्र दुसऱ्या फिल्मवर पुन्हा पुन्हा उतरवून हे सर्व एकत्र आणायचे. प्रत्येक नकलेत मूळ कणांवर नव्या फिल्मचे कण चढतात, बारीक तपशील पुसला जातो आणि उजेड-अंधारातील फरक वाढत जातो. यानाची काही ठरावीक दृश्ये तर भागामागून भाग वापरली जात असल्याने त्यांच्या नकलांच्याही नकला होत. त्यामुळे यानातील दालनात उभा असलेला कर्क पहिल्या पिढीच्या निगेटिव्हवर असे, आणि पुढच्याच क्षणी दिसणारे यान मात्र तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या. ४८० रेषांमध्ये हे अंतर लपत होते. हाय डेफिनिशनच्या १,०८० रेषांमध्ये ते लपेना. यानाभोवतीच्या निळसर कडा, त्याच्या अंगातून आरपार दिसणारे तारे आणि यंत्राच्या कवचाचा खडबडीत गोळा हे सारे उघड झाले. जुनी दृश्ये बदलायला नको होती असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे की, त्यांच्या आठवणीतली दृश्ये जुन्या पडद्याच्या मर्यादेमुळेच तशी दिसत होती.

‘कॉन्स्टेलेशन’ हे या अडचणीचे सर्वांत ठळक उदाहरण. ‘एंटरप्राइज’ची मोठी प्रतिकृती ११ फुटांहून लांब होती, ती आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायू व अवकाश संग्रहालयात पाहायला मिळते. ‘कॉन्स्टेलेशन’साठी मात्र एएमटी या कंपनीचा दुकानात मिळणारा प्लास्टिकचा खेळण्यातला संच वापरला गेला. संचासोबतच्या चिकटचित्रात १७०१ हा आकडा होता, त्याचेच अंक पुढेमागे लावून १०१७ हा क्रमांक तयार झाला. प्लास्टिक भाजून केलेल्या जखमा लहान प्रतिकृतीवर प्रमाणाबाहेर मोठ्या दिसतात आणि वितळलेली कड धातूची वाटत नाही. नव्या दृश्यांत हे यान खरोखर उद्ध्वस्त वाटते. फाटलेले पत्रे, विझलेली इंजिने आणि भोवती तरंगणारे अवशेष पाहिले की डेकरच्या वेडाचे कारण शब्दांआधी कळते. येथे नवे काम निःसंशय सरस आहे.

यंत्राबद्दल मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. जुन्या दृश्यातील यंत्र धूसर, काहीसे पारदर्शक आणि आतून धगधगणारे होते, आणि त्याचा आकार किती असावा याचा अंदाज डोळ्यांना बांधता येत नसल्यामुळे ते अजस्र वाटे. नव्या यंत्राच्या पृष्ठभागावर रेखीव पोत आहे, आणि पोत दिसला की डोळे आकार मोजू लागतात. याशिवाय २००७ मधील संगणकीय चित्रणाची म्हणून एक गुळगुळीत झाक आहे, जी आज सहज ओळखू येते. मूळ संकलन कायम ठेवल्यामुळे प्रत्येक नवे दृश्य जुन्याच्याच कालावधीत बसवणे भाग होते, हे येथे मान्य करायला हवे.

आता विज्ञानाकडे. न्यूट्रॉन ताऱ्यातील द्रव्याची घनता सरासरी एका घन सेंटिमीटरला सुमारे ४० कोटी टन असते. या हिशेबाने जेमतेम २४५ मीटर बाजू असलेल्या न्यूट्रॉनियमच्या ठोकळ्याचे वस्तुमान संपूर्ण पृथ्वीइतके भरेल, आणि ‘एंटरप्राइज’ची लांबी २८९ मीटर सांगितली जाते. म्हणजे मैलोन् मैल लांबीच्या यंत्राला असे कवच असते, तर ते स्वतःच कोणत्याही खडकाळ ग्रहाहून जड झाले असते. पृथ्वीइतक्या वस्तुमानापासून एक किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण आपल्या नेहमीच्या गुरुत्वाच्या सुमारे चार कोटी पट असते, तेव्हा त्याच्या जवळून डौलाने वळसे घेणाऱ्या यानाचे काय झाले असते हे सांगायला नको. शिवाय न्यूट्रॉन ताऱ्यातले द्रव्य टिकते ते ताऱ्याच्या प्रचंड दाबामुळे. तो दाब काढून घेतला तर ते स्फोटासारखे फुगेल, आणि मोकळा झालेला न्यूट्रॉन सरासरी पंधरा मिनिटांच्या आत प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि अँटीन्यूट्रिनो यांत विघटित होतो. अशा द्रव्याचा पत्रा ठोकता येणार नाही.

ग्रह फोडण्याची गोष्टही अशीच विचार करायला लावते. पृथ्वीसारख्या ग्रहाचे तुकडे पुन्हा एकत्र येणार नाहीत इतके दूर फेकायचे, तर सुमारे २.५ × १०³² जूल ऊर्जा लागेल. संपूर्ण सूर्य जवळजवळ साडेसात दिवसांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, तेवढी ही ऊर्जा आहे. ज्या स्फोटाने या यंत्राचा अंत होतो, त्याची ताकद भागात ९७.८ मेगाटनच्या आसपास सांगितली आहे, म्हणजे ४ × १०¹⁷ जूल. एक ग्रह फोडण्याच्या ऊर्जेचा हा सहा कोटी कोटींवा हिस्सा आहे. तरीही कथा येथे एक शहाणपणाची गोष्ट करते : कवच अभेद्य राहते आणि स्फोट आतून केला जातो. शिवाय १९६७ मध्ये, पल्सारची बातमी येण्याआधी, न्यूट्रॉनच्या द्रव्याला दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांसमोर आणणे हे मोठे धाडस होते असे मी मानतो. वाल्टर बाडे आणि फ्रित्झ झ्विकी यांनी न्यूट्रॉन ताऱ्यांची कल्पना १९३४ मध्ये मांडली, तेव्हापासून ती अभ्यासकांच्या वर्तुळातच राहिली होती. आज नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना याच ताऱ्यांची स्पंदने टिपत असतात.

फुटलेल्या ग्रहाच्या अवशेषांनी नवी आवृत्ती आकाश भरून टाकते. दाटीने तरंगणारे खडक पाहायला सुंदर आहेत, पण आपल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात दोन मोठ्या खडकांमधले अंतर लाखो किलोमीटरचे असते. ग्रह नुकताच फुटला असेल तर काही काळ अशी दाटी असू शकेल, एवढी सूट मी द्यायला तयार आहे.

चाहत्यांच्या पुनर्विचारात आता आणखी एक मुद्दा यायला हवा. निगेटिव्हवरचा तपशील १,०८० रेषांत संपलेला नाही. तीच फिल्म उद्या अधिक सूक्ष्म यंत्रावर स्कॅन केली, तर डेकरचा चेहरा आणखी स्पष्ट होईल. संगणकावरची दृश्ये मात्र जेवढ्या ठिपक्यांत रेखाटली गेली, तेवढ्याच ठिपक्यांत गोठलेली आहेत. तेव्हा नव्या स्कॅनशेजारी २००७ मधील ‘कॉन्स्टेलेशन’ तितकेच परके दिसेल, जितके १९६७ मधील प्लास्टिकचे यान दिसू लागले होते, आणि ती दृश्ये पुन्हा रेखाटावी लागतील. पुढच्या ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेची तर पूर्ण जुळणीच व्हिडिओ टेपवर झाली होती. २०१२ पासून तिचे रीमास्टर करताना मूळ फिल्मचे तुकडे शोधून प्रत्येक भाग पुन्हा जोडावा लागला. त्यानंतरच्या दोन मालिका अजून त्या कामाची वाट पाहत आहेत.

२००९ मध्ये आलेल्या ब्लू-रे संचात मूळ दृश्ये आणि नवी दृश्ये असे दोन्ही पर्याय आहेत, आणि पाहता पाहता एका बटणाने एकातून दुसऱ्यात जाता येते. डेकर छोटे यान घेऊन यंत्राच्या जबड्याकडे निघतो, तिथे ते बटण दाबून पाहावे. बाहेरचे यंत्र बदलते, खडक वाढतात, जबड्यातील आगीचा रंग बदलतो. यानाच्या आत बसलेल्या विंडम यांचा चेहरा दोन्ही आवृत्त्यांत एकाच निगेटिव्हवरून आलेला आहे.