‘हीरो’: नकाशातला खंजीर ते वाळूतले दोन शब्द

इ.स.पू. २२७. प्राचीन चीनमधल्या यान राज्याचा दूत बनून आलेला मारेकरी जिंग क छिनच्या राजापुढे नकाशाची गुंडाळी उलगडतो. शेवटच्या वेढ्यातून खंजीर निघतो. तो राजाची बाही पकडतो, बाही फाटते, राजा खांबाभोवती पळत सुटतो आणि राजवैद्य हातातली औषधाची पिशवीच मारेकऱ्यावर भिरकावतो. इतिहासकार सिमा छियानने ही हकिकत शंभराहून अधिक वर्षांनी लिहून ठेवली. राजा वाचला आणि इ.स.पू. २२१मध्ये उरलेली राज्ये जिंकून चीनचा पहिला सम्राट झाला. लोकांच्या मनात मात्र घर केलं ते फसलेल्या जिंग कने.

याच कथेवर चेन कायगे यांनी १९९८मध्ये चित्रपट केला होता. झांग यिमौ यांनी २००२च्या ‘हीरो’मध्ये कथा उलटीच फिरवली. त्यांचा मारेकरी (जेट ली) राजापासून दहा पावलांवर पोचतो, मारू शकतो, आणि मारत नाही. कारण ‘तुटकी तलवार’ नावाच्या योद्ध्याने त्याला वाळूत दोन अक्षरं लिहून दिलेली असतात: थियान शिआ, म्हणजे आभाळाखालचं सगळं. सात राज्यांच्या कत्तलींपेक्षा एका राजाची सत्ता बरी, असा त्याचा अर्थ. वाद पेटला तो इथेच. ज्याने ग्रंथ जाळले, ज्याच्याशी स्वतःची तुलना माओंनी १९५८मध्ये अभिमानाने केली, त्या सम्राटापुढे शस्त्र खाली ठेवायचं?

दुसऱ्या कुणी हा चित्रपट केला असता तर तो वाद इतका झोंबला नसता. झांग यांचे वडील कुओमिन्तांगच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या विरोधातल्या राष्ट्रवादी पक्षाच्या, सैन्यात अधिकारी होते, त्यामुळे माओंच्या सांस्कृतिक क्रांतीत मुलाच्या वाट्याला आधी शेतमजुरी आणि मग कापडगिरणी आली. १९७८मध्ये बीजिंग फिल्म अकादमीत प्रवेश घेतानाही वय आडवं आलं. थेट मंत्रालयाकडे अर्ज करावा लागला. १९९१चा ‘रेज द रेड लँटर्न’ चीनमध्ये काही काळ दाखवू दिला नाही. ‘टू लिव्ह’ला १९९४मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं ग्राँ प्री पारितोषिक मिळालं आणि मायदेशात बंदी. असा माणूस ‘हीरो’ बनवतो, त्याचा पहिला खेळ बीजिंगच्या ग्रेट हॉल ऑफ द पीपलमध्ये, म्हणजे चीनच्या संसदेच्या इमारतीत, होतो, आणि २००८च्या ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळाही तोच बसवतो. बंदी सोसलेला दिग्दर्शक सरकारी झाला, असं अनेकांनी म्हटलं. मला तो आरोप निम्माच पटतो.

कारण चित्रपटच वेगळं काही दाखवतो. एकच घटना लाल, निळ्या, पांढऱ्या रंगांत पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ख्रिस्तोफर डॉयल यांचा कॅमेरा आणि एमी वादा यांची वेशभूषा यांचा हा कळस आहे. लाल भागात झाओ राज्यातल्या सुलेखनशाळेवर छिनच्या बाणांचा पाऊस पडतो. छप्पर भेदून बाण आत घुसतात, शेजारचा कोसळतो, आणि म्हातारे गुरुजी लिहीतच राहतात. पुढे राजा ऐकतो की ‘तलवार’ हे अक्षर लिहिण्याच्या एकोणीस पद्धती आहेत. त्याचं उत्तर: एकच ठेवू. लिपी एक करण्याचं काम छिनने खरोखरच केलं. एकीची किंमत कोण मोजतं, हे झांग यांनी त्या शाळेत आधीच दाखवून ठेवलेलं आहे.

शेवटी दरबारी एका सुरात त्या मारेकऱ्याला मृत्युदंड मागतात, राजाच्या डोळ्यांत पाणी येतं, तरी तो हुकूम देतो. नंतर दिसतो तो राजवाड्याचा दरवाजा: बाणांनी गच्च भरलेला, आणि मधोमध माणसाच्या आकाराची रिकामी जागा.