निवृत्त लष्करी अधिकारी, टीव्हीवरची चर्चा आणि संरक्षण कंपनीतले काम : परवानगी कोणाला लागते, अर्जात काय भरायचे

नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचे स्कूल, नाशिकच्याच गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचे (लष्कराच्या हवाई शाखेचे) प्रशिक्षण, ओझरला एचएएल हा विमानांचा सरकारी कारखाना. निवृत्तीनंतर नाशिकलाच घर करणारे अधिकारी त्यामुळे पुष्कळ. सीमेवर काही घडले की संध्याकाळी त्यांना वाहिन्यांचे फोन येऊ लागतात. कित्येकदा त्याच सुमारास एखाद्या संरक्षण कंपनीचे सल्लागारपदाचे पत्रही घरी आलेले असते. लॅम रोड परिसरातल्या ओळखीच्या साहेबांना असे अर्ज भरायला मी मदत करतो. बहुतेकांचा समज असा, की परवानगी कंपनीसाठी लागते, टीव्हीचा तिच्याशी संबंध नाही. संबंध आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

परवानगी कोणाला लागते?

कर्नल आणि त्यावरचे हुद्दे, तसेच नौदल व हवाई दलातले समकक्ष अधिकारी. निवृत्तीच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक काम घ्यायचे असेल, तर आधी सरकारची परवानगी हवी. लेफ्टनंट कर्नल आणि त्याखालच्यांना ही अट नाही. वर्ष उलटले की कोणालाच नाही.

‘व्यावसायिक काम’ म्हणजे केवळ पगाराची नोकरी नव्हे. कंपनीचे एजंट होणे, संचालकपद, भागीदारी, सेवेतल्या माहितीच्या जोरावर सल्लागार म्हणून बसणे, सरकारी कार्यालयांशी संपर्क ठेवण्याचे काम, हे सगळे त्यात येते. पत्रावर ‘मानद’ लिहिले म्हणून सुटका होत नाही.

टीव्हीचे काय? एखाद्या संध्याकाळी चर्चेला बसणे ही नोकरी नाही. पण वाहिनीशी वर्षभराचा करार असेल, दरमहा ठरलेले मानधन असेल, तर वाहिनी हीसुद्धा कंपनीच. माझा सल्ला सरळ आहे : पहिल्या वर्षात असा करार असेल तर त्याचाही अर्ज करा. परवानगीशिवाय काम धरल्यास निवृत्तिवेतन अंशतः किंवा पूर्ण रोखण्याचा अधिकार सरकारला आहे. तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेची ती कमाई आहे, ती धोक्यात घालू नका.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज आपल्या सेनादलाच्या मुख्यालयाकडे जातो, वरच्या हुद्द्यांची प्रकरणे संरक्षण मंत्रालयापर्यंत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्र, शिष्यवृत्ती अशी कामे होतात. हा अर्ज तिथे निकाली निघत नाही, उगाच फेरी मारू नका. सोबत निवृत्तीचा आदेश, पीपीओची (निवृत्तिवेतन आदेशाची) प्रत, कंपनीचे नेमणुकीचे पत्र आणि सही केलेले प्रतिज्ञापन जोडा.

अर्जातले नाव-हुद्द्याचे रकाने पाच मिनिटांत होतात. पेन अडते ते पुढे. शेवटच्या वर्षांत कुठे कुठे नेमणूक होती? या कंपनीशी सेवेत असताना कधी सरकारी व्यवहार आला का, आला असल्यास कोणता आणि किती काळ? या पदाची जाहिरात आली होती का, नसल्यास प्रस्ताव कसा आला? एका साहेबांनी या शेवटच्या प्रश्नापाशी पेन खाली ठेवले. तोफेच्या चाचण्यांच्या वेळी कंपनीचा माणूस भेटला होता, फोन त्याचाच आला होता. ‘हे लिहायचं का?’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘साहेब, हेच तर लिहायचं.’ त्यांनी तारखेसह लिहिले. तपासणाऱ्याला मुख्यतः एवढेच पाहायचे असते, की गोपनीय माहिती आणि हितसंबंध यांची गाठ पडते का. लपवलेली गोष्ट नंतर सापडली तर प्रामाणिक माणसाचाही बचाव अवघड होतो.

परवानगीचे पत्र लेखी हातात येईपर्यंत करारावर सही करू नका. मानधनावर टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो, त्याचा हिशेब प्राप्तिकराच्या विवरणपत्रात धरा.

काय बोलू नये

शासकीय गुपिते कायदा, १९२३ निवृत्तीनंतरही लागू राहतो. त्याला हुद्द्याची किंवा वर्षाची मर्यादा नाही. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना संरक्षण मोहिमा आणि सैन्याच्या हालचाली थेट न दाखवण्याची सूचना केली. ते बंधन वाहिनीवर असले, तरी कोणती तुकडी कुठे निघाली असेल हे स्टुडिओत बसून सांगणाऱ्यानेही ते पाळावे. संरक्षण कंपनीचा शेअर घ्या किंवा विका असे तर बोलूच नये, त्यासाठी सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची, नोंदणी लागते. गुप्तचर यंत्रणा किंवा डीआरडीओसारख्या (संरक्षण संशोधन करणाऱ्या) संस्थांतून निवृत्त झालेल्यांसाठी ३१ मे २०२१ चा वेगळा नियम आहे. त्यांना आपल्या संस्थेच्या कामाविषयी लिहून प्रसिद्ध करण्याआधी परवानगी घ्यावी लागते. सेनादलांच्या अधिकाऱ्यांना तो नियम लागू नाही.

प्रेक्षकाला काय कळते?

सरकारला तुम्ही जे कळवता ते फाइलमध्ये राहते. घरी बातम्या पाहणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही. अमेरिकेत २००८ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हेच उघड केले. इराक युद्धावर वाहिन्यांवर बोलणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांचे मिळून दीडशेहून अधिक लष्करी कंत्राटदारांशी संबंध होते, आणि प्रेक्षकांना ते क्वचितच सांगितले जात होते. त्या वृत्तमालिकेला २००९ चा पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे घरूनच लॅपटॉपवर बोलायची पद्धत आहे. मागच्या फळीवर कंपनीने भेट दिलेली तोफेची प्रतिकृती ठेवून त्याच तोफेच्या खरेदीवर मत देणारे मी पाहिले आहेत. ते मत खरेही असेल, पण ऐकणाऱ्याला संबंध कळायला हवा.

म्हणून वाहिनीला आधीच एक छोटे पत्र द्या : ‘मी अमुक कंपनीचा सल्लागार आहे, तिच्या उत्पादनाचा विषय निघाल्यास माझी ओळख करून देताना हे सांगावे.’ अँकर विसरला तर पहिल्या वाक्यात स्वतः सांगा. नावापुढे हुद्दा लावताना ‘निवृत्त’ शब्द पडद्यावरच्या नावाच्या पट्टीवर दिसतो का, तेही पाहा. वर्षाच्या आत दुसरी कंपनी धरलीत तर नवा अर्ज लागेल. वाहिनीला दिलेले पत्रही त्याच दिवशी बदलून द्या.