खाडीफेरीची वेळ रोज का बदलते?
(फिडलर खेकडे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "फेरी किती वाजता?" ते तिथीवर ठरते. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि फिडलर खेकडे बिळाबाहेर येतात ते ओहोटीलाच. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या कोकणात दुपारच्या सुमारास भरती असते, म्हणून फेरी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास मात्र भर दुपारी निघावे लागते. टोपी आणि पाणी आणाच.

तिवरांच्या कडेला, खाजणाच्या मोकळ्या चिखलात यांची वस्ती असते. कवच जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर रुंद, पण नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी दिसते. ती खाण्याच्या कामाची नाही. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला बिळापासून हटवायला तो ती वरखाली हलवत राहतो. भांडणात ती तुटली तर पुन्हा उगवते, पण नवी नांगी हलकी असते. तरीही तो ती तितक्याच ऐटीत हलवतो!

जवळ दुर्बीण असेल तर एखाद्याचे तोंड निरखून पाहा. लहान नांगीने तो चिखलाचा कण उचलून तोंडात टाकतो. आत पाण्याच्या मदतीने सूक्ष्म शेवाळ, जिवाणू आणि कुजलेल्या पानांचा चुरा वेगळा होतो. उरलेली माती बारीक गोळी होऊन बाहेर पडते. बिळाभोवती दिसणारे मणी हेच. त्यांच्यात मोठे, ओबडधोबड गोळे दिसले तर ते बीळ खणताना काढलेल्या मातीचे. मादी दोन्ही नांग्यांनी खाते. नराला एकीवरच भागवावे लागते, म्हणून तो चरण्यात जास्त वेळ घालवतो.

पाणी चढू लागले की प्रत्येक जण आपापल्या बिळात शिरतो, आणि बरेच जण चिखलाचा गोळा ओढून बिळाचे तोंड बंद करतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले ओहोटीबरोबर समुद्रात जातात, काही आठवडे तिथे तरंगत वाढतात आणि मग चिखलात परततात.

आमची एकच कळकळीची विनंती आहे. किनाऱ्याला उतरल्यावर जिथे सांगू तिथे उभे राहा आणि हलू नका. देठांवरचे डोळे चारी बाजूंनी पाहतात. कोणी हात जरी वर केला तरी सगळी खाजण क्षणात रिकामी होते. पाचेक मिनिटे शांत राहिलात तर आधी डोळे वर येतील, मग नांग्या. वारंवार दचकवले तर त्यांचा चरण्याचा वेळ वाया जातो, आणि भरती काही थांबत नाही. म्हणून बिळांवरून चालणे, काठी घालणे, खेकडे पकडून बाटलीत नेणे आमच्या फेरीत चालत नाही. लहान मुलांनाही हे घरूनच सांगून आणा.

चपला पट्ट्याच्या हव्यात, साध्या चपला चिखलात रुततात. फेरीची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळवू.