कंपाउंड वॉल नेमकी कोणाच्या हद्दीत? नागपुरातल्या घरांच्या सीमांची पार्श्वभूमी

शेजाऱ्याने भिंत बांधताना पाया सहा इंच अलीकडे घेतला, तर दाद कुठे मागायची? नागपुरात या प्रश्नाचे उत्तर घर कुठे आहे यावर बदलते. महालातल्या जुन्या घराला एक उत्तर, सिव्हिल लाइन्सच्या नझुल (सरकारी मालकीच्या) प्लॉटला दुसरे आणि मानेवाडा रोडच्या ले-आउटमधल्या ३० बाय ५० ला तिसरे. शहरावर जितके अंमल आले तितके नकाशे आले. नवा नकाशा काढताना जुन्या नकाशाशी जमिनीवर ताळा घालायचे काम मात्र बहुतेक वेळा राहूनच गेले.

भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर नागपूर भागात मालगुजारी पद्धत, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने सरकारात भरायचा, पक्की झाली. वऱ्हाडात मुंबई पद्धतीचे सर्व्हे नंबर आले, आपल्याकडे मौजा (महसुली गाव) आणि खसरा (शेताचा क्रमांकित तुकडा) राहिला. म्हणून आजही इथल्या विक्रीपत्रात 'मौजा अमुक, ख. नं. (खसरा नंबर) तमुक, प. ह. नं. (पटवारी हलका नंबर) इतका' असा मजकूर असतो. हे खसरा नकाशे सारा वसुलीसाठी काढलेले, सोळा इंचाला एक मैल या प्रमाणाचे. म्हणजे कागदावरचा एक इंच जमिनीवर ३३० फूट होतो. त्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची पेन्सिलची रेघ ओढली की तिच्याखालीच सहा-साडेसहा फूट जमीन जाते. शेताच्या धुऱ्याला ते चालून जात होते. त्याच रेघेवरून पुढे घराची भिंत ठरेल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

घरांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र इथे लवकर आली. १८८२ चा सुविधाधिकार कायदा सुरुवातीला मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांत एवढ्यांनाच लागू होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागला. म्हणजे इतवारीतल्या वाड्याच्या उजेडाचा, हवेचा आणि शेजारच्या भिंतीच्या आधाराचा हक्क पुण्यातल्या वाड्याआधी कायद्यात बसला. वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा उपभोग असेल तर हक्क पक्का. पण सामाईक भिंत पडली तर ती कोणी बांधायची, हे या कायद्यातून निघत नाही. उलट, ज्याच्या जमिनीवर असा हक्क आहे त्याने पदरचे पैसे घालून काही करावे असे बंधन नाही, हेच त्यात आहे. डाव्या हाताची भिंत तुमची, उजव्या हाताची शेजाऱ्याची, असे जे लोक ठासून सांगतात त्याला कायद्यात कुठेही आधार नाही.

नझुलचे प्रकरण त्या मानाने सरळ. जमीन सरकारची, घर भाडेपट्ट्यावर, हद्द नझुल शीटवर. १९३६ च्या कायद्यानंतर शहराच्या आखणीसाठी जो नागपूर सुधार प्रन्यास आला, त्याने पाडलेल्या प्लॉटांचेही तसेच. रस्ते आधी आणि प्लॉट मागून, त्यामुळे मोजायला एक ठाम बिंदू सापडतो. या भागातल्या तंट्यांत 'माझी आखीव पत्रिका काय म्हणते' एवढे पाहिले तरी बरेचदा भागते. इतर महाराष्ट्र जिला मिळकत पत्रिका म्हणतो, तीच ही.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो, पण इथे जमीन महसुलाचा कायदा १९५४ चा, मध्य प्रदेशचाच चालू राहिला. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली आणि हद्दीची जबाबदारी कोणाची, याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर प्रथमच सगळ्या राज्याला सारखे झाले. हद्दीच्या खुणा सांभाळायच्या त्या धारकाने, दुरुस्तीचा खर्चही त्याचाच (कलम १४०). भूमापन होऊन गेल्यावर हद्दीचा वाद झाला तर निर्णय जिल्हाधिकाऱ्याचा, रीतसर चौकशी करून (कलम १३५). मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. महापालिका यात कुठे येते? बांधकामाच्या परवानगीपुरती. तरी लोक आधी झोन ऑफिसातच जातात, आणि 'हा तुमचा आपसातला मामला' हे ऐकून परततात. ते उत्तर रुचत नसले तरी कायद्याला धरून आहे.

पण संहितेची ही सगळी व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरते, की तुमच्या प्लॉटची मोजणी कधीतरी झाली आहे आणि तो अभिलेखात स्वतंत्र तुकडा म्हणून चढला आहे. दक्षिण आणि पूर्व नागपुरातल्या, उत्तरेकडे नारा-नारीपर्यंतच्या शेकडो ले-आउटांत नेमके हेच झालेले नाही.

शेतकऱ्याकडून खसरा घ्यायचा, गृहनिर्माण संस्था काढायची किंवा नुसताच ले-आउट टाकायचा, अमोनियाच्या निळ्या नकाशावर प्लॉट पाडायचे आणि विकायचे, ही पद्धत सत्तरच्या दशकापासून रुळली. १९७६ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर मर्यादा आणल्यावर अशा विक्रीला ओहोटी लागायला हवी होती. प्रत्यक्षात व्यवहार करारनाम्यावर आणि नोटरीवर होत राहिले. प्लॉट दाखवायचा तो टेपने मोजून, चुन्याची रेघ मारून, चार कोपऱ्यांत सिमेंटच्या खुंट्या ठोकून. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खुंट्या दोन-तीन वर्षांत कलंडतात, आणि रस्ता करताना जेसीबीने उरल्यासुरल्या उखडल्या की पुरावाही गेला.

या टेपमोजणीतली गोम अशी. नकाशावर ३० फुटांचे दहा प्लॉट एका ओळीत, म्हणजे ३०० फूट. जमिनीवर खसऱ्याची रुंदी भरली २९४. पहिल्याने रस्त्याच्या कोपऱ्यापासून मोजून ३० फुटांवर भिंत घातली, दुसऱ्याने त्याच्या भिंतीपासून ३०. शेवटच्या प्लॉटवाल्याच्या वाट्याला आले २४. तो नवव्याशी भांडतो, नववा आठव्याकडे बोट दाखवतो. अतिक्रमण कोणीच केलेले नाही आणि सहा फूट मात्र गेलेले आहेत. विक्रीपत्रातली चतुःसीमाही इथे उपयोगी पडत नाही. क्षेत्रफळ आणि चतुःसीमा जुळत नसतील तर न्यायालये सर्वसाधारणपणे चतुःसीमा धरतात. पण 'पूर्वेस प्लॉट नं. १७' असे लिहिले असेल आणि १७ ची हद्दच ठरलेली नसेल, तर धरायचे काय?

असल्या वस्त्या उठवणे शक्य नव्हते आणि कोणी गंभीरपणे सुचवलेही नाही. नियमितीकरणाची लाट आली. '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' ही अशा वस्त्यांच्या गटांची नावे नागपूरकराला समजावून सांगावी लागत नाहीत. २००१ चा गुंठेवारी कायदा १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटांसाठी होता, २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. अर्ज, डिमांड, विकास शुल्क आणि मग आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र. बँकेचे कर्ज आरएलवर, नकाशा मंजुरी आरएलवर, विक्रीच्या जाहिरातीत आरएल ठळक अक्षरांत.

वादाचे मूळ असलेला निर्णय इथलाच. नियमित करताना आधार धरला गेला तो ले-आउट टाकणाऱ्याच्या नकाशाचा, रस्ते रुंद दाखवून आणि त्यात जाणारी जागा वजा करून. आधी भूमी अभिलेखची मोजणी, मग नियमितीकरण, हा क्रम धरला असता तर काम लांबले असते हे खरे. कर आणि शुल्क हवे होते, लोकांना नळ आणि सिवर लाइन हवी होती, घाई दोन्हीकडून होती. पण त्या घाईची किंमत प्लॉटधारक आजही मोजतो आहे. विक्रीपत्रात १५०० चौरस फूट, आरएलमध्ये त्याहून कमी, आणि सातबारा कित्येक ठिकाणी अजून मूळ शेतकऱ्याच्या किंवा संस्थेच्या नावावर. हद्द कायम मोजणीचा अर्ज घेऊन गेले की मोजणारा खसऱ्याची बाहेरची हद्द दाखवू शकतो, आतल्या प्लॉटची नाही, कारण त्याच्या अभिलेखात तो प्लॉटच नाही. आरएल देणारे म्हणतात, आम्ही वापर नियमित केला, हद्द नव्हे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मधल्या मध्ये २०१९ मध्ये प्रन्यासच गुंडाळण्याचे ठरले आणि पुढे ते फिरले. फाइल कोणत्या कार्यालयात आहे हे शोधण्यातच अर्जदारांचा कितीतरी वेळ गेला.

फ्लॅटवाल्यांचे थोडक्यात. नागपुरात सोसायटीपेक्षा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालची घोषणापत्रे जास्त. कंपाउंड वॉल सामाईक क्षेत्रात येते, म्हणून तिचा खर्च सगळ्यांच्या हिश्श्याने, आणि शेजारच्या इमारतीशी भांडायचे तर तेही मंडळानेच.

अलीकडे मोजणी रोव्हरने (उपग्रहाच्या मदतीने जागा टिपणाऱ्या यंत्राने) होते, अर्ज ऑनलाइन, आणि डिसेंबर २०२४ पासून साधी-तातडी-अतितातडी जाऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले. रोव्हर जमिनीवरचा बिंदू सेंटिमीटरपर्यंत सांगतो. तो बिंदू मग बसवायचा असतो त्या सोळा इंची नकाशावर किंवा ले-आउटच्या निळ्या कागदावर, आणि 'क' प्रतीवरची (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावरची) खूण शेजाऱ्याच्या उभ्या भिंतीच्या आत पडली तरी मोजणी अधिकारी भिंत पाडून देत नाही. ती प्रत घेऊन पुन्हा जिल्हाधिकारी किंवा दिवाणी न्यायालय. मोजणीच्या दिवशी लगतच्या धारकांना नोटीस जाते, तेव्हा शेजारी हजर राहून सही करतो की नाही, यावर पुढची किती वर्षे जाणार ते बरेचसे ठरते.